सासूबाईंचं प्रात्यक्षिक

कॉलेजात कुठलीही समिती यायची झाली की प्राचार्य मला बोलावतात. "मॅडम, तुमच्या विभागाचा इतिहास एका पानात द्या." मी देते. त्या पानावर 'उज्ज्वल परंपरा' असते, 'विद्यार्थीकेंद्री उपक्रम' असतात, आणि 'ग्रामीण भागातील मानसिक आरोग्याची निकड ओळखून' अशी एक लांबलचक ओळ असते. ती ओळ माझ्या आधीच्या विभागप्रमुखांनी लिहिली, मी तीच पुढे चालवते आहे. समिती ती वाचते, मान डोलावते आणि जेवायला जाते.

खरा इतिहास पानभरसुद्धा नाही. आमच्याकडे तर्कशास्त्र शिकवणारे एक सर होते. तर्कशास्त्राला पोरं मिळेनात. नोकरी जायची वेळ आली तेव्हा सरांनी तर्क लढवला आणि मानसशास्त्र सुरू केलं. खोली मिळाली ती भूगोलवाल्यांच्या जुन्या नकाशांची. एका भिंतीवर अजून दक्षिण अमेरिका लटकते आहे, कारण ती काढली तर मागचे पोपडे दिसतात. मानसिक आरोग्याची निकड वगैरे आम्ही पुढे सवडीने ओळखली.

गावात आम्हाला कोणी मानसशास्त्र विभाग म्हणत नाही. 'मेंटल डिपार्टमेंट' म्हणतात, आणि मी 'मेंटलवाल्या मॅडम'. सुरुवातीला फार चिडायचे. मी इथलीच, अमडापूरची. पुण्याला एम. ए. करायला गेले तेव्हा 'मले', 'तुले' म्हटलं की मुली हसायच्या. ती हसणारी मंडळी टाकून मी शिकून-सवरून परत आले, तर इथे ही पदवी. आता बाजारात कोणी मागून "ओ मेंटलवाल्या मॅडम" म्हणून हाक मारली तर मी मुकाट्याने वळून बघते. भाजीवाली विचारते, "मॅडम, माह्या मनात काय हाये, सांगा बरं." मी सांगते, "कालची मेथी आजची म्हणून द्यायची, असं आहे." ती लाजते. माझी कीर्ती वाढते.

आमचे उपक्रम म्हणाल तर पुष्कळ आहेत. बी. ए. आहे, एम. ए. आहे. ताणतणाव व्यवस्थापनाचा एक प्रमाणपत्र कोर्स आहे. त्याला बसायला कोणी तयार होत नाही म्हणून एन. सी. सी.ची पोरं हुकूम सोडून बसवावी लागतात, आणि ती बिचारी ताठ बसून तणावमुक्त होतात. शिवाय समुपदेशन केंद्र. त्याची पाटी लागली आणि त्या जिन्याने पोरांनी जाणंच सोडलं. तिथून खाली उतरताना कोणी पाहिलं तर गावभर बोभाटा! मग कधी तरी एस. टी.च्या पासाची खिडकी आमच्या केंद्राशेजारी हलवली, आणि काय चमत्कार, पोरं यायला लागली. पासाच्या रांगेत उभी राहायची, इकडे-तिकडे बघायची आणि हळूच आत शिरायची. आत आल्यावर रडायची, बाहेर पडताना हातात पास. त्या खिडकीने केलं ते आमच्या पोस्टरांनी केलं नाही. हे मात्र इतिहासाच्या पानावर लिहिता येत नाही.

सगळ्यात मोठा उपक्रम म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. रसायनवाल्यांना बरं असतं, त्यांच्या बाटल्या कपाटात असतात. आम्हाला माणूस लागतो. परीक्षेला प्रत्येक मुलाने एक माणूस सोबत आणायचा, चिठ्ठीत निघेल तो प्रयोग त्याच्यावर करायचा आणि निष्कर्ष लिहायचा. त्या माणसाला पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. आमच्याकडे सगळे 'सब्जेक्ट' म्हणतात. अट एकच, सब्जेक्ट कोरा पाहिजे, त्याने तो प्रयोग आधी केलेला नको. पण इतक्या वर्षांत या गावात कोरा माणूस उरलाय कुठे? कटिंगवाला होऊन गेला, झेरॉक्सवाला होऊन गेला, स्टँडवरचे कंडक्टर होऊन गेले. सब्जेक्टला चहा आणि कचोरी द्यायची आमची रीत आहे, म्हणून काही जण तर परीक्षेच्या दिवशी न बोलावता हजर असतात. आमचे प्रयोगशाळेचे चाचा इतक्या वेळा सब्जेक्ट झाले आहेत की त्यांना प्रश्न विचारायच्या आधीच ते उत्तर देतात. "मॅडम, मले आता काही चालत नाही," ते म्हणतात, "माह्यं सगळं मोजून झालं."

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना लोणारचं सरोवर दाखवणं हाही या परीक्षेचाच एक भाग. तो अभ्यासक्रमात छापलेला नाही एवढंच.

तर अशाच एका परीक्षेची ही गोष्ट. त्या वर्षी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगी होती, सोनाळ्याची. आमच्या वसतिगृहात राहायची. शेतकऱ्याची पोर, अंगाने किडकिडीत, पण वर्गात प्रश्न असा विचारायची की मला रात्री पुस्तक उघडावं लागायचं. अशी विद्यार्थिनी आम्हाला फार दिवसांनी मिळाली होती. तिला काय पाहिजे ते तिचं ठरलेलं होतं. एम. ए.चं दुसरं वर्ष पुरं करायचं, मग विद्यापीठातला समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा, आणि मग एखाद्या शाळेत समुपदेशक व्हायचं. "मॅडम, दोन वर्षं," ती मला म्हणायची. "निरी दोन वर्षं भेटली पाह्यजेत."

पण पहिलं वर्ष संपायच्या आतच तिची सोयरीक जुळली. चिखलीकडचं शेतकरी घर, पोरगा पंचायत समितीत नोकरीला. पोरगा भला होता. त्याने तिला सांगितलं, "माझी काही हरकत नाही, पण आई म्हणेल तसं." आणि आईने साक्षगंधाच्या दिवशीच चारचौघांत विचारलं होतं, "हे वेड्याइचं शिक्षण शिकून पोरगी बिघडत तं नाई ना वं?" पुढे शिकण्याचं काय, असं हिच्या बापाने चाचरत काढलं तेव्हा बाईंचं उत्तर होतं, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे काय ते इथे जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला म्हटलं, "तू स्वतः बोल त्या बाईंशी." ती म्हणाली, "मॅडम, मी कशी बोलू? अजून लगन नाही झालं." मी म्हटलं, "मग लग्न झाल्यावर बोलशील?" ती म्हणाली, "तेव्हा तं नाहीच बोलता येत."

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती रडकुंडीला येऊन माझ्यापुढे उभी. तिची सब्जेक्ट लोणारहून यायची होती, वसतिगृहातल्या मैत्रिणीची बहीण. ती आलीच नाही, गाडी चुकली म्हणे. आता ऐनवेळी माणूस आणायचा कुठून? "थांब, चाचांना सांगते," म्हणत मी बाहेर आले तर चाचा समोरूनच येत होते, एकदम खुशीत. "टेन्शन नका घेऊ मॅडम. एक कोरी बाई भेटली. व्हरांड्यात बसून होती. चहा पाजला, कचोरी देल्ली, खोलीत बसवून देल्ली."

परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात बसलेला माणूस म्हणजे सब्जेक्टच, हा चाचांचा नियम. इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता. मुलीने खोलीच्या दारावरच्या पडद्याआडून डोकावून पाहिलं आणि पांढरीफटक पडली.

"मॅडम," ती कुजबुजली, "माह्या सासूबाई हायेत."

त्या बाई आल्या होत्या बस्त्यासाठी. लग्नाची कपडेखरेदी म्हणजे बस्ता, आणि नवरीची साडी नवरीच्या पसंतीची पाहिजे, म्हणून परीक्षा आटोपली की होणाऱ्या सुनेला परस्पर दुकानात घेऊन जायचं त्यांनी ठरवलं होतं. दिराला आणि जावेला दुकानात बसवून त्या एकट्या कॉलेजात आल्या, आणि चाचांच्या तावडीत सापडल्या. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, समोर कचोरीची रिकामी बशी. बाई खुर्चीत अशा बसल्या होत्या की आता त्यांना उठवणं म्हणजे अपमान. आणि बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत होते, त्यांना उजेड असेपर्यंत लोणार गाठायचं होतं. "चला, चला, सब्जेक्ट आहे ना? मग सुरू करा," ते म्हणाले.

चिठ्ठी उचलली. निघाली आकांक्षा पातळी.

हा प्रयोग वरून दिसायला अगदी पोरखेळ आहे. कागदावर छोटे छोटे गोल छापलेले असतात. प्रत्येक गोलात डोळे, नाक, तोंड काढून चेहरा करायचा. पण सुरू करण्याआधी सब्जेक्टने सांगायचं की मी इतके करीन. मग घड्याळ लावायचं, थांबवायचं, चेहरे मोजायचे आणि पुन्हा विचारायचं, आता किती? माणूस किती करतो याला आमच्या लेखी महत्त्व नाही. बोलतो किती आणि करतो किती, यातलं अंतर आम्ही मोजतो. काही जण तोंडाने डोंगर उचलतात. काही जण उलटे असतात.

मी अंतर्गत परीक्षक, म्हणून पडद्याच्या कडेला बसले. मुलीने पुस्तकातली सूचना पोपटासारखी म्हटली, "कृपया आरामशीर बसा. ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही." बाईंचा विश्वास बसला नाही. परीक्षा नाही, तर मग हा टाय घातलेला साहेब कायले आला?

"आत्या... म्हणजे, तुम्ही किती चेहरे काढाल?"

"मले काय जमते व माय! चौथीनंतर पेन धरला नाई हातात. दोन निंगले तं बहू झालं. दोन लिही."

घड्याळ लागलं. बाई कागदावर ओणव्या झाल्या आणि अशा भराभर हात चालवू लागल्या की मी खुर्ची पुढे ओढली. "थांबा," मुलगी म्हणाली. मोजलं. सात. आणि सातही चेहऱ्यांना कुंकू! परीक्षक म्हणाले, "हे काय? सूचनेत कुंकू नाही." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते घड्याळ बघू लागले. "बाईमानूस हाये ते. बोडकं कपाय ठेवू काय?"

"सात झाले," मुलगी म्हणाली. "आता पुढच्या वेळी किती काढाल?"

"तीन लिही."

"पण आत्ता तर सात निघाले ना?"

"ते चुकून निंगले."

मला हसू आवरेना, मी तोंडाला पदर लावला. पुढच्या वेळी नऊ निघाले. आता किती? "चार." मग अकरा निघाले. आता? बाईंनी बराच विचार केला, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, साहेबाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाच लिही, पन नक्की नाई सांगत." परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "असं अंतर मी पाहिलं नाही," ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, "सर, इथे घराघरात पाहायला मिळतं."

शेवटी सब्जेक्टला विचारावं लागतं, करताना तुम्हाला कसं वाटलं? ते उत्तर आहे तसं उतरवून घ्यायचं असतं. मुलीने विचारलं. बाई म्हणाल्या, "बरं वाटलं. आपल्याले कोनी इचारत नाई, तू किती करशीन म्हनून. निरा सांगतेत, इतकं कर." मुलगी लिहिता लिहिता थांबली. मग पुन्हा लिहू लागली.

"झालं?" बाईंनी विचारलं. "मंग सांगा सायेब, पास झाली का मी?"

परीक्षक म्हणाले, "यात पास-नापास नसतं. आणि निकाल सब्जेक्टला सांगायचा नसतो."

झालं! बाई उसळल्या. "काऊन नसते सांगाचा? चहा माह्या पोटात, हात माहा दुखला, अन् माह्यं मलेच नाई सांगत? नापास झाली असन तं तसं सांगा, मी रडनार नाई." चाचा पडद्याबाहेरून कळवळून म्हणाले, "साब, बता दो ना. मेहमान है." परीक्षकांनी हात वर केले. "मॅडम, तुम्ही बघा काय ते," असं मला सांगून ते बाजूच्या खोलीतल्या मुलाकडे निघून गेले.

मी मुलीला म्हटलं, "सांग." मनात म्हटलं, सांग पण सांभाळून, तुझी दोन वर्षं या बाईंच्या पदरात आहेत. पुस्तकात या निष्कर्षाला एक जड वाक्य आहे. ते तिने म्हटलं असतं तर बाईंना काही कळलं नसतं, आणि सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण तिने वही मिटली आणि सरळ घरच्या बोलीत सांगायला लागली.

"आत्याबाई, तुम्ही नापास नाही. तुमचा हात लय चालते. पन तुम्ही मांगता लय कमी. सात करता अन् तीन म्हनता. नऊ करता अन् चार म्हनता. जमते ते जमलं असं तुमचं तुमालेच खरं नाही वाटत. चुकून झालं म्हनता."

होणाऱ्या सासूला असं तोंडावर! बाईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावरचे कुंकवाचे चेहरे बराच वेळ न्याहाळले.

"खरं हाये," त्या म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता. "माह्या मायनंही नाई सांगतलं मले हे. याच्यासाठी शिकतेत का तुमी इथी?"

"हाव," मुलगी म्हणाली.

"मी समजत होती, वेड्याइले झटके देतेत." बाईंनी डोळे बारीक केले, मग पेन उचललं आणि सुनेपुढे ठेवलं. "बरं. माह्यं झालं. आता तू सांग. लगनानंतर तुले शिकाले किती वर्षं पाह्यजेत?"

मला वाटलं, मी उठून नाचावं. इतकी वर्षं या खोलीत मी काय काय शिकवलं, पण दार असं आपणहून उघडताना कधी पाहिलं नव्हतं. बोल पोरी, बोल! दोन! तुझं तर पाठ आहे. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. बोटाने टेबलाची कड खरवडली.

"एक," ती म्हणाली.

"एक?"

"एक भेटलं तरी बहू झालं."

मला राहवलं नाही. परीक्षेचे नियम, अंतर्गत परीक्षक, सगळं खड्ड्यात गेलं. "अगं, दोन म्हण ना!" मी ओरडलेच.

"मॅडम, तुमी नोका बोलू," बाईंनी हात वर केला. "मी तिले इचारलं. घरी माहं पोट्टं म्हनत होतं, पोरगी दोन मांगन. मी घरून दोन धरूनच आली होती." मग सुनेकडे वळून, अगदी मायेनं, "बोल माय, लाजू नोको. एक का दोन?"

मुलीचा चेहरा लाल झाला होता. दोन हे तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, देवाशप्पथ दिसलं. तिने पदर नव्हता तरी ओढणी डोक्यावर घेतली.

"नाही, आत्याबाई. एकात भागते माह्यं."

मला त्या क्षणी तिचा रागही आला आणि मायाही आली. बाई मात्र कृतार्थ झाल्या. त्यांनी उठून सुनेच्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि माझ्याकडे वळल्या. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, सारी गावं पालथी घालून हवी तशी सून मिळाल्याचा.

"पाह्यलं मॅडम?" त्या म्हणाल्या. "हिचंबी अगदी माह्यावानीच हाये." आणि तिचा हात धरून तिला बस्त्याला घेऊन गेल्या.